इतिहास आणि भाषा शिकवणारे शिक्षक : त्यांचे प्रशिक्षण, त्यांचे सन्मान आणि आपण पालक



शाळेतल्या पेरेंट-टीचर कॉन्फरन्सचे दृश्य आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. गणिताच्या आणि सायन्सच्या टीचरच्या टेबलासमोर आपली देशी मंडळी रांगेत उभी असतात. "ऑनर्सला घालता येईल का?", "अल्जेब्रा एक वर्ष आधी घेतला तर चालेल का?" असे प्रश्न चालू असतात. पलीकडच्या टेबलापाशी सोशल स्टडीजच्या टीचर एकट्याच कागद लावत बसलेल्या असतात. त्यांच्याकडे आपण शेवटी, वेळ उरला तर जातो.

माझा मुलगा आठवीत असताना त्याच्या सोशल स्टडीजच्या टीचरने एक गृहपाठ दिला होता. घरातले जे माणूस सर्वात आधी या देशात आले त्याची मुलाखत घ्यायची आणि त्या वर्षी इथे येण्याचा कायदा काय होता ते शोधून काढायचे. आमच्याकडे ते माणूस म्हणजे माझे मोठे काका, १९६९ साली आलेले. माझा मुलगा या आजोबांशी फोनवर दोन तास बोलत बसला होता. काकांनी आम्हाला कधीही न सांगितलेल्या गोष्टी त्याला सांगितल्या. काका आता नाहीत, पण मुलाने लिहिलेली ती दहा पाने घरात आहेत.

त्या टीचर दोन वर्षांनी रिटायर झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात एका दुसऱ्या पालकांकडून कळले की अशा शिक्षकांसाठी राज्य पातळीवर आणि देश पातळीवर पुरस्कार असतात आणि त्यासाठी पालकही नाव सुचवू शकतात. त्यांचे नाव कोणीच सुचवले नव्हते. आम्ही दर मे महिन्यात टीचर अप्रिसिएशन वीकला गिफ्ट कार्ड मात्र न चुकता दिले होते.

ही माहिती तेव्हा आम्हाला नव्हती. ती निदान इतरांना असावी म्हणून हा लेख. लेख अमेरिकेतल्या व्यवस्थेबद्दल आहे. इतिहास, नागरिकशास्त्र, इंग्रजी, साहित्य हे विषय शाळेत शिकवणाऱ्यांना पुढे शिकण्याच्या कोणत्या संधी आहेत, त्यांचा सन्मान कसा होतो आणि यात आपले काम काय, ते क्रमाने पाहू.

एका आठवड्यातले दोन कायदे

आपल्यापैकी बहुतेकांचे इथे येणे ज्या कायद्यामुळे शक्य झाले तो इमिग्रेशनचा कायदा. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी त्यावर सही केली. त्याच्या चारच दिवस आधी, २९ सप्टेंबर १९६५ रोजी, याच जॉन्सन यांनी आणखी एका कायद्यावर सही केली होती. त्या कायद्याने नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज ही सरकारी संस्था जन्माला आली. तिला थोडक्यात एनईएच म्हणतात.

विज्ञानाला सरकारी पाठबळ होतेच. इतिहास, भाषा, साहित्य, तत्त्वज्ञान या विषयांनाही ते असावे हा एनईएचमागचा विचार. म्हणजे आपल्याला इथे आणणारा कायदा आणि आपल्या मुलांच्या इतिहासाच्या शिक्षकांना पुढे शिकवणारी संस्था एकाच आठवड्यातली भावंडे आहेत. पहिल्याचे महत्त्व आपल्याला पाठ आहे, दुसरीचे नावही अनेकांनी ऐकलेले नसते.

हे विषय मागे का पडले

भारतात दहावीनंतर "आर्ट्सला गेला" हे वाक्य कोणत्या सुरात म्हटले जाते ते आपण जाणतोच. पण इथे या विषयांची पीछेहाट होण्याचे कारण वेगळे आहे. जानेवारी २००२ मध्ये नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड हा कायदा आला. त्याने तिसरी ते आठवी दर वर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा सक्तीची केली, पुढे विज्ञानाचीही काही इयत्तांत आली. इतिहासाची आणि नागरिकशास्त्राची नाही. ज्या विषयाच्या निकालावर शाळेचे मूल्यमापन होते त्यालाच वेळ आणि पैसा मिळतो. त्यामुळे अनेक ठिकाणी, विशेषतः प्राथमिक शाळांत, सोशल स्टडीजचे तास कमी झाले. डिसेंबर २०१५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली, पण या बाबतीत फरक पडला नाही.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०२२ साली आठवीच्या मुलांची जी राष्ट्रीय चाचणी झाली, तिच्यात अमेरिकेच्या इतिहासात फक्त १३ टक्के आणि नागरिकशास्त्रात २२ टक्के मुले अपेक्षित प्रावीण्याच्या पातळीला किंवा तिच्या वर होती.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा पैसाही असाच येतो आणि जातो. २००१ मध्ये सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या पुढाकाराने टीचिंग अमेरिकन हिस्टरी नावाची अनुदान योजना सुरू झाली होती. स्कूल डिस्ट्रिक्ट आणि विद्यापीठे किंवा संग्रहालये मिळून इतिहास-शिक्षकांना शिकवत. २०१२ च्या अंदाजपत्रकात तिचा पैसा बंद झाला आणि योजना संपली.

शिक्षकांना पुढे शिकण्याच्या संधी

बहुतेक राज्यांत शिक्षकांना ठरावीक तास प्रशिक्षण घ्यावे लागते. न्यू जर्सीत वर्षाला २० तास, टेक्सासमध्ये पाच वर्षांत १५०, इलिनॉयमध्ये पाच वर्षांत १२०, न्यू यॉर्कमध्ये व्यावसायिक सर्टिफिकेट असणाऱ्यांना पाच वर्षांत १०० तास. हे तास सर्वांसाठीच्या सामान्य कार्यशाळांत सहज भरून निघतात. पण "वर्गात शिस्त कशी ठेवावी" या कार्यशाळेतून सिव्हिल वॉर अधिक चांगले शिकवता येत नाही. विषयाचे ज्ञान वाढवायचे तर पुढील मार्ग आहेत.

एनईएचचे उन्हाळी कार्यक्रम. शाळेतल्या शिक्षकांसाठी हे १९८३ पासून सुरू आहेत. एखाद्या विद्यापीठात किंवा ऐतिहासिक स्थळी एक ते चार आठवडे राहून एकच विषय खोलात शिकायचा, मूळ कागदपत्रे वाचायची, तज्ज्ञांशी चर्चा करायची असे त्यांचे स्वरूप असते. फी नसते, उलट खर्चासाठी पैसे मिळतात. २०२३ च्या उन्हाळ्यात एका आठवड्याला १,३०० डॉलर आणि चार आठवड्यांना ३,४५० डॉलर दिले जात. नागरिक नसलेल्यांनाही अर्ज करता येत असे, मात्र अर्जापूर्वी सलग तीन वर्षे या देशात राहिलेले असावे लागे. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. एप्रिल २०२५ मध्ये एनईएचने आधी मंजूर केलेली शेकडो अनुदाने रद्द केली आणि त्या उन्हाळ्यातले अनेक कार्यक्रम होऊ शकले नाहीत. म्हणून दर वर्षी हिवाळ्यात कार्यक्रमांची यादी आणि नियम आधी तपासावेत आणि मगच सुट्टीचे बेत ठरवावेत.

जेम्स मॅडिसन फेलोशिप. अमेरिकन काँग्रेसने १९८६ साली ही संस्था स्थापन केली. इतिहास, नागरिकशास्त्र किंवा सोशल स्टडीज शिकवणाऱ्यांना, तसेच शिकवू इच्छिणाऱ्यांना, मास्टर्स करण्यासाठी जास्तीत जास्त २४,००० डॉलर मिळतात. अभ्यासात संविधानाचा भाग असावा लागतो. जितकी वर्षे मदत घ्याल तितकी वर्षे पुढे शिकवण्याची अट आहे. यासाठी अमेरिकन नागरिकत्व लागते, ग्रीन कार्ड पुरत नाही.

गिल्डर लेहरमन इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकन हिस्टरी. १९९४ साली स्थापन झालेली ही न्यू यॉर्कची खाजगी संस्था आहे. शाळेची नोंदणी मोफत होते आणि मग शिक्षकांना मूळ पत्रे, भाषणे, पाठांचे आराखडे वापरता येतात. शिक्षकांसाठी उन्हाळी सेमिनार असतात. गेटिसबर्ग कॉलेजबरोबर चालवलेला अमेरिकन इतिहासाचा मास्टर्स नोकरी सांभाळून ऑनलाइन करता येतो.

लायब्ररी ऑफ काँग्रेस. मूळ नकाशे, छायाचित्रे, वृत्तपत्रे यांचे वर्गात वापरण्याजोगे तयार संच इथे मोफत मिळतात. रविवारच्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या आपल्या ताया-दादांनाही ते वापरता येतील.

नॅशनल बोर्डाचे सर्टिफिकेट

राज्याचे लायसन्स म्हणजे शिकवण्याची परवानगी. त्याच्या वरची पायरी म्हणजे नॅशनल बोर्ड फॉर प्रोफेशनल टीचिंग स्टँडर्ड्स या संस्थेचे सर्टिफिकेट. ही संस्था १९८७ साली स्थापन झाली. इथे परीक्षक हे स्वतः वर्गात शिकवणारे शिक्षकच असतात. डॉक्टरांच्या बोर्ड सर्टिफिकेशनशी तुलना केली तर कल्पना लवकर येते.

सोशल स्टडीज-इतिहास आणि इंग्रजी भाषा-साहित्य यांची स्वतंत्र सर्टिफिकेट आहेत. पदवी, राज्याचे लायसन्स आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो. चार भाग असतात. पहिला, विषयज्ञानाची संगणकावरची परीक्षा. दुसरा, मुलांच्या लेखनाचे नमुने घेऊन प्रत्येक मुलाला वेगळे कसे शिकवले त्याचा लेखाजोखा. तिसरा, वर्गात शिकवतानाचे व्हिडिओ आणि त्यांचे विश्लेषण. चौथा, शिक्षक स्वतःच्या कामाकडे कसे पाहतात आणि पालक, सहकारी यांच्याबरोबर कसे काम करतात त्याचा पुरावा. प्रत्येक भागाची फी ४७५ डॉलर, म्हणजे एकूण १,९०० डॉलर आणि शिवाय नोंदणी शुल्क. सर्टिफिकेट पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आजवर एक लाख तीस हजारांहून अधिक शिक्षकांनी ते मिळवले आहे.

याचा पैशात फायदा राज्यावर अवलंबून आहे. नॉर्थ कॅरोलायनात राज्याच्या पगारश्रेणीवर १२ टक्के वाढ मिळते, काही राज्यांत जवळपास काहीच नाही. फी भरायला मदत करणारी राज्ये आणि डिस्ट्रिक्टही आहेत, म्हणून आधी डिस्ट्रिक्टमध्ये चौकशी करावी.

सन्मान : काय आहे, काय नाही

गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांसाठी १९८३ पासून खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा पुरस्कार आहे आणि त्याबरोबर १०,००० डॉलर मिळतात. इतिहास किंवा इंग्रजीच्या शिक्षकांसाठी त्याच्या जोडीचा पुरस्कार नाही. जे आहेत ते बहुतेक संस्थांचे आहेत.

नॅशनल हिस्टरी टीचर ऑफ द इयर. गिल्डर लेहरमन इन्स्टिट्यूट हा पुरस्कार २००४ पासून देते. राज्याच्या विजेत्याला १,००० डॉलर आणि शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तके मिळतात, राष्ट्रीय विजेत्याला १०,००० डॉलर. शिक्षक बालवाडीपासून बारावीपर्यंत कुठल्याही इयत्तेचे चालतात. विद्यार्थी, पालक, सहकारी, मुख्याध्यापक कोणीही नाव सुचवू शकतात.

नॅशनल हिस्टरी डे. १९७४ साली क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात सुरू झालेली ही विद्यार्थ्यांची स्पर्धा आहे. मुले निबंध, प्रदर्शन, माहितीपट, नाट्यप्रवेश किंवा वेबसाइट यांतून इतिहास-संशोधन मांडतात. अंतिम फेरी जूनमध्ये मेरीलँड विद्यापीठात होते. यात मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांसाठी पॅट्रिशिया बेहरिंग पुरस्कार आहे. राज्यातून निवडलेल्या शिक्षकांना ५०० आणि राष्ट्रीय विजेत्यांना १०,००० डॉलर दिले जातात. स्पेलिंग बी आणि सायन्स फेअरची तयारी आपल्या घरात जशी होते तशी या स्पर्धेची करायला काहीच हरकत नाही.

विषयसंघटनांचे पुरस्कार. सोशल स्टडीजच्या शिक्षकांची राष्ट्रीय संघटना १९२१ पासून आहे, इंग्रजीच्या शिक्षकांची १९११ पासून. दोन्ही संघटना उत्तम शिक्षकांना पुरस्कार देतात. त्यांच्या राज्यशाखाही आहेत आणि पहिला सन्मान बहुधा तिथेच मिळतो.

नॅशनल टीचर ऑफ द इयर. १९५२ पासूनचा हा पुरस्कार सर्व विषयांसाठी आहे. आधी डिस्ट्रिक्ट, मग राज्य, मग देश अशी त्याची चढण. इथे मात्र आपल्या विषयांचे शिक्षक वारंवार दिसतात. २०१७ च्या सिडनी चॅफी बॉस्टनमध्ये नववीला ह्युमॅनिटीज शिकवत. २०१९ चे रॉडनी रॉबिन्सन रिचमंडच्या बालगुन्हेगारांच्या कोठडीतल्या शाळेत सोशल स्टडीज शिकवत. २०२२ चे कर्ट रसेल ओहायोत इतिहासाचे शिक्षक आणि २०२५ च्या ॲशली क्रॉसन पेन्सिल्व्हेनियात इंग्रजीच्या शिक्षिका. यातला कोणीही शिक्षक पहिल्या दिवशी राष्ट्रीय पातळीवर नव्हता. प्रत्येकाची सुरुवात आपापल्या शाळेतून, आपापल्या डिस्ट्रिक्टमधून झाली.

डिसेंबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून दिली. ती बातमी आपण सर्वांनी अभिमानाने एकमेकांना पाठवली. आपल्या मुलाला रोज शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी एक पत्र लिहायला त्याहून थोडाच जास्त वेळ लागतो.

नाव सुचवायचे पत्र कसे लिहावे

१. आधी शिक्षकांना विचारा. पुढे त्यांना निबंध, पाठाचे नमुने, शिफारसपत्रे जमवावी लागतात. त्यांची तयारी हवी.

२. "खूप चांगल्या, प्रेमळ टीचर आहेत" एवढ्याने काम होत नाही. एक पाठ, एक गृहपाठ, एक प्रसंग निवडा. मुलाने घरी येऊन काय विचारले, काय वाचायला घेतले, ते लिहा.

३. इंग्रजी साधे असले तरी चालते. आपण परदेशातून आलेले पालक आहोत आणि या शिक्षकांमुळे आपल्या मुलाला या देशाचा इतिहास आपला वाटू लागला, हे आपल्याइतके खरेपणाने दुसरे कोणी लिहू शकत नाही.

४. पत्राची एक प्रत मुख्याध्यापकांना आणि एक सुपरिंटेंडंटना पाठवा. पुरस्कार मिळो वा न मिळो, ते पत्र शिक्षकांच्या कामाची नोंद म्हणून उपयोगी पडते. डिस्ट्रिक्टचे पैसे कमी होतात तेव्हा ज्या विषयाबद्दल पालक बोलतात त्याला थोडा आधार मिळतो.

५. तारखा दर वर्षी बदलतात. शाळा सुरू झाल्यावर लगेच त्या पाहून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आपण शिक्षकांना काय देऊ शकतो

२००५-०६ मध्ये कॅलिफोर्नियात सहावीच्या पुस्तकांतल्या प्राचीन भारताच्या धड्यांवरून मोठा वाद झाला, तो अनेकांना आठवत असेल. पुस्तकात काय छापावे यावर आपण हिरिरीने बोलतो. पण तो धडा वर्गात उघडतो तो शिक्षक. त्याला भारताबद्दल कॉलेजात फारसे शिकवलेले नसते आणि शिकण्याची सोयही कमी असते. तक्रार घेऊन जाण्याआधी मदत घेऊन गेलो तर दार लवकर उघडते.

मदत कसली? असोसिएशन फॉर एशियन स्टडीजचे एज्युकेशन अबाउट एशिया हे १९९६ साली सुरू झालेले नियतकालिक शिक्षकांसाठीच आहे आणि त्यातले लेख इंटरनेटवर मोफत वाचता येतात. तो दुवा शिक्षकांना पाठवा.

शिवाय आपल्या घरातले धन आहेच. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांचे अस्थिकलश न्यू यॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत आहे. त्या पदवीदानासाठी आलेल्या पंडिता रमाबाई पुढे १८८८ पर्यंत इथे फिरल्या आणि १८८९ साली त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिले. त्याचा इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहे. रेल्वे, शाळा, स्त्रियांच्या चळवळी, इथला वर्णभेद हे सर्व एका मराठी बाईंनी कसे पाहिले ते आठवीच्या वर्गात वाचता येईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले. ही माहिती नॅशनल हिस्टरी डेच्या प्रकल्पासाठीही उत्तम आहे.

आपल्यातल्या शिक्षिका आणि शिक्षकांसाठी

भारतात एम.ए., बी.एड. करून, काही वर्षे शिकवून इथे आलेल्या अनेक भगिनी आपल्यात आहेत. "माझा विषय इतिहास, इथे त्याचा काय उपयोग?" असे म्हणून बऱ्याच जणी तो विषय सोडून देतात. तसे करण्याआधी तीन गोष्टी तपासा. एक, कामाची परवानगी. एच-४ व्हिसावर वेगळी वर्क परमिट नसेल तर पगारी नोकरी करता येत नाही. दोन, भारतीय पदवीचे विषयवार मूल्यमापन. कोणत्या संस्थेचे मूल्यमापन चालेल ते राज्याच्या शिक्षण खात्याकडून आधी विचारून घ्या, नाहीतर पैसे दोनदा जातात. तीन, विषयाची परीक्षा. अनेक राज्यांत प्रॅक्सिस, टेक्सास आणि कॅलिफोर्नियात त्यांची स्वतःची. अमेरिकेचा इतिहास नव्याने वाचावा लागतो हे खरे, पण वर वर्णन केलेली मोफत साधने त्यासाठीच आहेत. सब्स्टिट्यूट टीचर म्हणून सुरुवात करून शाळा आतून पाहता येते.

शेवटी

गुरुपौर्णिमा आपण मंडळात दर वर्षी साजरी करतो, मुलांना गुरूचे महत्त्व सांगतो. या वर्षी एवढेच करू या : पुढच्या कॉन्फरन्सला सोशल स्टडीजच्या आणि इंग्रजीच्या टेबलापाशी आधी जाऊ या, "या वर्षी मुले काय वाचताहेत?" असे विचारू या, आणि मनात भरलेल्या एका शिक्षकासाठी एक पत्र लिहू या. आमचे पत्र राहून गेले. तुमचे राहू नये.

पत्र लिहिताना मदत हवी असल्यास, किंवा आपल्यापैकी कोणी इथे शिक्षक होण्याच्या वाटेवर असल्यास, मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात जरूर भेटा. चहा घेता घेता बोलू.